दादाच्या फोनची बॅटरी

रिसोडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, फोन काउंटरवर आपटतं आणि म्हणतं, "भाऊ, एक चांगली बॅटरी टाकून दे." आता चांगली म्हणजे काय बाप्पा? कंपनीची मागावी तर कंपनीनं ते मॉडेलच बंद करून टाकलेलं असतं. मग राहते बाहेरची. बाहेरच्या मालात सतरा तऱ्हा, आणि लोक काय पाहतात, तर स्टिकर. स्टिकरवर वाट्टेल तो आकडा छापता येतो हे मी सांगून सांगून थकलो. माझं डोकं फिरतं त्यानं.

मी स्टिकर वाचत नाही. बॅटरी आधी हातावर तोलतो. हलकी लागली की बाजूला. मग काचेवर सपाट ठेवून बोटानं ढकलतो. गरकन फिरली तर पोट सुटलेलं आहे, फुगायला लागली आहे. मग बॅटरी फोनला जोडणाऱ्या पट्टीचं टोक पाहतो. त्याच्यावर ओरखडे असले तर ती कुणाच्या तरी जुन्या फोनातून काढून, नवा कागद चिकटवून आलेली. शेवटी मीटर. आणि एवढं होऊनही फोनात घालून दिवसभर चालवल्याशिवाय मी कुणाला "घेऊन जा" म्हणत नाही. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

या सगळ्या ऐटीची माती झाली ती माझ्या दादाच्या फोनपायी.

दादा माझा मोठा भाऊ. मेडशीला राहतो, सोयाबीन-तूर करतो. त्याचा आवाज असा की वावरातून हाक मारली तर रोडवर एसटीचा ड्रायव्हर ब्रेक दाबायचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्या गळ्याचं वाटोळं केलं त्यानं. आम्ही बोलायचो, तो हसायचा. मग आवाज घोगरा झाला, मग गिळताना दुखायला लागलं, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. वहिनी तिथंच रडायला लागली. दादा तिला म्हणाला, "रडून कायले राह्यली? जीव राह्यला तं बैल तं हाकता येतीन." मग म्हणाला, "हाकायले बी आवाजच लागते म्हना." आणि स्वतःच हसला. मला त्या हसण्याचा फार राग आला होता.

ऑपरेशनच्या आधी मी त्याचं बोलणं त्याच्या फोनमध्ये भरून घेतलं. फोनात एक अॅप टाकलं, बटणावर चित्र आणि बटण दाबलं की त्याचं वाक्य. घरात भांडी वाजतात म्हणून आम्ही विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत जाऊन बसलो. मी म्हटलं, "दादा, कामाचं बोल. पाणी दे, दुखून राह्यलं, असं."

"हे तं हातानं बी सांगता येते बे," तो म्हणाला. "मले माहं बोलू दे."

मग त्यानं काय भरावं! "चहात साखर टाकली का नुसतं पाणी उकळलं?" "कोन्त्या गाढवानं फाटक उघडं ठेवलं?" शेजाऱ्यासाठी एक खास शिवी, ती मी इथं लिहीत नाही. मग वहिनीसाठी एक. वावरातून घरी आला की चपला काढता काढता रोज विचारायचा तेच: "काहून वं, जेवली काय?" एवढंच. आमच्याकडे नवराबायकोत याच्यापेक्षा जास्त कोणी बोलत नाही.

शेवटी त्यानं खाकरून गळा मोकळा केला, ताठ बसला आणि म्हणाला, "माही पोरगी तुमच्या घरात देल्ली."

तेव्हा पुतणीचं कुठं जमलंही नव्हतं. पण आमच्या घराण्यात रीत आहे. सुपारी फुटायच्या आधी पोरीच्या बापानं चार लोकांसमोर हे वाक्य तोंडानं म्हणायचं, मुलाच्या बापानं "घेतली" म्हणायचं, आणि मग सुपारी फोडायची. बाप जिवंत असला तर बापानंच म्हणायचं, काका-मामाचं तिथं काम नाही. दादानं त्याची सोय आधीच करून ठेवली. मी फोन खाली ठेवला आणि मोटरच्या खोलीबाहेर जाऊन उगाच विहिरीत डोकावत उभा राहिलो, कारण मला रडू आवरेना.

ऑपरेशन झालं. दादा गळ्याला फडकं बांधून घरी आला. तेव्हापासून तो फोन म्हणजे त्याचं तोंड. गावातली पोरं शिवी ऐकायला अंगणात जमायची. चहाचं वाक्य तर पाहुणे आले की तो मुद्दाम वाजवायचा आणि वहिनी लाजून आत पळायची.

पुढं फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण उचललं गेलं तर या बहाद्दरानं त्याला रबर लावलं आणि तसाच वापरत राहिला. मी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. म्हटलं, "दादा, नवा फोन घे, मी सगळं त्यात टाकून देतो, हातबॉम्ब कायले बाळगतो?" त्यानं फोन छातीशी धरला. मी म्हटलं, बरं, निदान माझ्या फोनमध्ये तरी कॉपी ठेवू दे. त्यानं माझ्या फोनकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे. मग आपल्या फोनकडे आणि आपल्या तोंडाकडे. माझ्या फोनमधून निघालेलं माझं बोलणं, त्याच्या फोनमधून निघालेलं त्याचं. मी कॉपी केली नाही.

त्या मॉडेलची कंपनीची बॅटरी कुठंच मिळेना. वाशीमहून एक मागवली, तपासली, टाकली. चार दिवसांनी मेडशीला गेलो तर दुपारीच फोन बंद. दादानं काळा पडदा दाखवला आणि खांदे उडवले. दुसरी अकोल्याहून आणली. ती माझ्या दुकानात सकाळपासून रात्री शटर ओढेपर्यंत चालली. दादाकडे गेली आणि परत दुपारीच मेली. मी व्यापाऱ्याला फोनवर काय काय बोललो! तो बिचारा म्हणाला, "भाऊ, बॅटरीत काही नाही, तुमचा फोनच करंट खाऊन राह्यला." मी फोन उघडून पट्टी न पट्टी तपासली. कुठं काही नाही. तिसरी टाकली. तिचंही तेच.

आणि अशातच पुतणीचं जमलं. स्थळ वाशीमचं, माणसं चांगली. सोयाबीन निघाल्यावर सुपारीचा दिवस ठरला. आता मला झोप कुठली! इतर दिवशी फोन बंद पडला तर पडला, त्या दिवशी पडून चालणार नव्हतं. दादाचं ते एक वाक्य होतं आणि ते म्हणायचा हक्क त्याचा एकट्याचा होता.

वाशीमच्या दुकानातला सगळा माल मी काउंटरवर मांडायला लावला. मालक कंटाळला, म्हणाला, "पोरगी पाहून राह्यले का बॅटरी?" मी एकेक तोलली, फिरवली, बाजूला केली. एक पसंत पडली. जड, सपाट, पट्टी कोरी. दादाचा फोन मागून दुकानात आणला होता, त्यात घालून तिला पिदडलं. पूर्ण उजेडावर व्हिडिओ लावले, संपवली, भरली, परत संपवली. गालाला लावून गरम होते का पाहिलं. शेवटी त्याच अॅपवर चालवून पाहावं म्हणून एक बटण दाबलं, आणि माझ्या दुकानात माझा भाऊ बोलला. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. मला पुढं कामच सुचेना. मी आवाज बंद केला.

सुपारीच्या आदल्या दिवशी फोन पूर्ण भरून दादाच्या हातात दिला. माझ्या बायकोनं विचारलं होतं, पॉवर बँक घेता का सोबत? मी तिच्यावरच खेकसलो, "मी टाकलेली बॅटरी हाय वं ते. तिले कायची पॉवर बँक?"

सकाळी गावात लाइन नव्हती. पाहुणे आले, चहापाणी झालं, अंगणात सतरंज्यांवर माणसं बसली. पुतणीला कुंकू लागलं. ताटात सुपारी ठेवली आणि सगळे दादाकडे पाहायला लागले. तो उठला. नवा पांढरा सदरा, गळ्याला स्वच्छ फडकं. त्यानं फोन काढला, हात पुढं करून बटण दाबलं.

पडदा काळा.

त्यानं परत दाबलं. मी उठून फोन घेतला, बाजूची कळ दाबून धरली. रिकाम्या बॅटरीचं लाल चित्र क्षणभर आलं आणि गेलं. कोणी तरी म्हणालं, "जीपमधी लावू काय? धा मिनिटं थांबू." मी तसाच पळणार होतो, पण दादानं माझं मनगट धरलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, पदराचं टोक तोंडात, आणि चेहरा असा उतरलेला की मला वाटलं आता पडते. दादा तिच्याकडे पाहत होता. मग त्यानं एक हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला पुढं केलं. मान हलवून खुणावलं, तू म्हण.

मी म्हटलं, "माह्या भावाची पोरगी तुमच्या घरात देल्ली."

"घेतली," मुलाचे वडील म्हणाले, आणि सुपारी फुटली.

जेवताना पंगतीत कोणी तरी म्हणालं, "मोबाइलवाल्याच्याच घरी बॅटरी बसली गा!" आणि सगळे हसले. मीही दात काढले. आतून वाटत होतं की धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. भावाला जन्मात एक वाक्य म्हणायचं होतं, आणि ते मी खाऊन टाकलं होतं.

पाहुणे गेले, दुपारनंतर लाइन आली. मी फोन चार्जिंगला लावला आणि तिथंच पडून राहिलो. सकाळी उठून ती बॅटरी काढायची आणि वाशीमच्या त्या मालकाच्या तोंडावर फेकायची असं ठरवलं होतं. सकाळी पाहिलं तर चार्जर लटकत होता, फोन नव्हता. दादा अंगणात बाजेवर बसलेला, हात रिकामे. मी फोन शोधत मागं सोयाबीनची पोती ठेवलेल्या खोलीकडे गेलो.

आतून दादाचा आवाज आला. "काहून वं, जेवली काय?"

मी खरं सांगतो, त्या घटकेला मी ऑपरेशन विसरलो. मला वाटलं दादा आत आहे. मग वहिनीचा आवाज, अगदी हळू. "नाही जेवली अजून."

परत तोच प्रश्न. "जेवतो न आता. तुमी जेवा." परत तोच प्रश्न. पोत्यांच्या मध्ये वहिनी खाली बसली होती, फोन कानाला लावून, डोळे मिटून. मग तिनं दुसरं बटण दाबलं, "माही पोरगी तुमच्या घरात देल्ली," आणि पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. परत दाबलं. परत दाबलं.

रात्र-रात्र हेच चालत असलं तर बॅटरी काय करेल बिचारी. चारीच्या चारी बॅटऱ्या चांगल्या होत्या.

मी मागं वळलो तर दादा माझ्या पाठीशी येऊन उभा. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून अंगणात आणलं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. काळा पडदा दाखवून खांदे उडवायचा, माझ्या शिव्या व्यापाऱ्याला जाऊ द्यायचा, काल भर मंडळींत गप्प उभा राहिला, ते सगळं माहीत असून. मी हळूच म्हटलं, "दादा, तिच्या साध्या फोनमधी मेमरी कार्डावर हे बोलणं टाकून देतो न मी. तिले बी होईन, तुले बी होईन." त्यानं जोरात मान हलवली. छातीवर हात आपटला, मग खोलीकडे बोट केलं, मग डोळे झाकून घेतले. मला कळलं. नवरा समोर जिवंत बसला असताना ती मेलेल्या माणसासारखा त्याचा आवाज ऐकत होती. हे आपल्याला दिसलं असं तिला कळलं तर ती शरमेनं मरेल. म्हणून मग त्यानं माझ्या औजारांच्या बॅगेवर बोट ठेवलं, नाक मुरडलं आणि हात झटकला. बॅटरी खराब, असं सांग.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. फोन पदराखाली. आम्हा दोघांना पाहून थबकली. "भाऊजी, थे बॅटरी... खराबच हाय न?"

"खराबच निंगाली, वहिनी," मी म्हटलं. "साले काही बी विकते. दुसरी आणली मी, टाकून देतो."

तिनं केवढा मोठा श्वास सोडला. मी ओट्यावर बसून झाकण उघडलं, ती चांगली बॅटरी काढली आणि बॅगेतली दुसरी, जुळी म्हणावी अशीच, बसवली. फोन चालू करून दादाला दिला. मला वाटलं तो एखादं बटण दाबेल. त्यानं फक्त आवाज वाढवला, फोन वहिनीच्या हातात ठेवला आणि चार्जिंगला लाव अशी खूण केली. बॅटरी भरलेली होती. मग विळा घेऊन तो वावराकडे निघाला.

"अवो, तुमाले लागन न तिकडे!" वहिनी मागून ओरडली.

त्यानं न वळता हात हलवला. मी स्क्रू गोळा करून डबीत भरत बसलो.