गाडीची राखण

गाडी मी घेतली. माझ्या पगारातून, माझ्या हट्टाने. तरी ती माझी राहिली फक्त कागदोपत्री. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीच्या गेटमधून ती आत आली, सासऱ्यांनी तिच्यापुढे नारळ फोडला, पाणी बॉनेटवर उडालं ते खांद्यावरच्या टॉवेलने टिपलं, आणि तिथून पुढे गाडी त्यांची झाली. मी नुसती चालवायची, तेही त्यांना विचारून.

सासरे म्हणजे आमचे बाबा. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत माग चालवले, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात स्टोअर सांभाळलं. हातपाय धड होते तोवर घरी बसलेच नाहीत. मग सासूबाई गेल्या आणि बाबा एकदम बसले. पलंगाच्या कडेला बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. चहा ठेवला तर चहा प्यायचे, ताट ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचेही नाहीत. डॉक्टर म्हणाले, यांना काहीतरी काम द्या. नवऱ्याने डोकं लढवून लसूण सोलायला दिली. बाबांनी ती दोनेक दिवस निमूट सोलली आणि मग विचारलं, "एवढी लसूण खातलो कोण?"

गाडी आली आणि बाबा आपणहून जिना उतरले. जाताना घरातली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गेले. संध्याकाळी वर आले ते भुकेने कासावीस होऊन, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या तोंडाने भात मागितला. त्या दिवशी मला गाडीचं फार कौतुक वाटलं. ते कौतुक पुढे फार टिकलं नाही, पण वाटलं होतं हे खरं.

आमची बिल्डिंग जुनी, चार मजली. ती बांधली तेव्हा लोकांकडे सायकली होत्या. त्यामुळे कंपाउंड म्हणजे बिल्डिंग आणि भिंत यांच्यामधली बोळ. तिच्यात गाड्या एकामागे एक लागतात. आतल्याला बाहेर पडायचं तर बाहेरच्या सगळ्यांनी सरकायला हवं. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, बहुतेक त्यामुळेच सगळे तो पाळतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हॅन्डब्रेक खाली, चाकाखाली वीट. ज्याला घाई असेल तो वीट काढेल आणि ढकलेल. नवा भाडेकरू आला की पाणी किती वाजता येतं ते नंतर सांगतात, आधी हे सांगतात.

आता ढकलण्याचीही ज्याची त्याची तऱ्हा. तिसऱ्या मजल्यावरचा जिमवाला पायाने ढकलायचा, व्यायाम फुकट जाऊ नये म्हणून. तळमजल्यावरचे काका पाठ टेकवून ढकलायचे, कारण त्यांना हात वापरायला डॉक्टरांनी मना केलं होतं. बाकीचे हाताने, पण त्या हातात अंगठ्या. पुष्कराज, माणिक, शनीची लोखंडी. ज्याचे ग्रह वाईट त्याने माझ्या गाडीवर ओरखडे काढायचे, हा कुठला न्याय? माझं डोकं फिरायचं. मी दोनतीनदा खाली जाऊन भांडलेसुद्धा. पण भांडून मी ऑफिसला निघून जायचे आणि मागे गाडी त्यांच्याच हाती असायची.

बाबा भांडले नाहीत. त्यांनी बंदोबस्त केला. गाडीमागच्या खांबाला सासूबाईंची जुनी गोधडी सुतळीने गुंडाळली. शेजारच्या भिंतीवर, दार उघडल्यावर जिथे लागेल बरोबर तिथे, जुन्या रबरी चपला लटकवल्या. चपला बघून पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "बरं केलंत, नव्या गाडीला दृष्ट पटकन लागते." बाबा म्हणाले, "दृष्ट लागांदे. दार लागूक नको."

मग त्यांनी वाटी आणली. स्टीलची साधी आमटीची वाटी, माझ्याच स्वयंपाकघरातली. ज्याला गाडी ढकलायची त्याने आधी अंगठ्या आणि घड्याळ काढून वाटीत टाकायचं. मग तळवा पुरता टेकवायचा, बोटं नाहीत. काचेला हात नाही. पाय तर नाहीच. आणि 'एक, दोन, तीन' बाबा म्हणणार, त्याआधी कोणी जोर लावायचा नाही. पहिले काही दिवस लोक हसले. नंतर हसणारेच स्वतःच्या गाडीसाठी बाबांना हाका मारू लागले. सकाळी ऑफिसच्या वेळेला आमच्या बोळीत चांगली शिकलीसवरलेली, टाय लावलेली माणसं वाटीत अंगठ्या टाकून हात पुढे करून उभी असायची आणि बाबा एकेकाचे हात तपासत फिरायचे. जिमवाल्याला त्यांनी पायातले बूट बघून परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आयुष्यात इतकं समाधान मला क्वचित मिळालं असेल.

पण त्याची किंमत मलाच मोजावी लागली. माझं ऑफिस अंधेरीला. गाडी घेतली ती तिथे जायला. पहिल्याच सोमवारी बाबांनी विचारलं, "थंय खंय ठेवतलंस?" म्हटलं, रस्त्यावर, जागा मिळेल तिथे. त्यांचा चेहरा असा पडला की मी चावी परत खिळ्याला अडकवली आणि मेट्रोने गेले. त्यानंतर मेट्रोनेच जात राहिले. रविवारी कुठे निघालोच तर बाबा गेटपर्यंत सोडायला यायचे, पोरगी सासरी निघाल्यासारखे. परत आल्यावर आधी गाडीभोवती फेरी, मग आमची चौकशी.

"बाबा, गाडी वापरायला घेतलीय की पुजायला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"वापर ना गो. कोण नको म्हणता? फक्त खरचटूक नको."

गाडी मागे घेणं हा तर वेगळाच सोहळा. बाई स्टिअरिंगवर दिसली की आमच्या बिल्डिंगमधल्या पुरुषांना कसं कळतं कोण जाणे, ते बाहेर येतातच. एक म्हणणार "येऊ द्या, येऊ द्या", दुसरा "काट मारा, काट मारा", तिसरा नुसताच डिकीवर थापा मारत राहणार. बाबा पुढे येऊन सगळ्यांना गप्प करायचे. "तुमी बाजूक व्हा. तिका येता." हे ऐकून मला बरं वाटेपर्यंत स्वतःच सुरू व्हायचे, "येऊ दे गो, येऊ दे, हळू, हळू मगे!"

हे सगळं असंच चाललं असतं. पण सेक्रेटरीला ते सलत होतं. वर्षानुवर्षं सेक्रेटरी असून त्यांचं कोणी ऐकत नसे, आणि इथे एक म्हातारा आमटीची वाटी घेऊन उभा राहतो तर लोक अंगठ्या काढतात. त्यांनी जनरल मीटिंग लावली. बिल्डिंगच्या मागे राडारोडा टाकलेली पडीक जागा होती. ती साफ करायची, पत्र्याची शेड घालायची, पिवळे पट्टे मारून प्रत्येकाला नंबर द्यायचा, वर कॅमेरे. "आता कोणी ढकलायला नको आणि कोणी राखायलाही नको," असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. मला वाटलं, सुटले एकदाची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेड झाली. गाडी आमच्या नंबरात दोन पट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली. आजूबाजूला दार सताड उघडेल एवढी जागा. बाबा खुर्ची घेऊन तिथेही गेले, तर दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली. 'शेडमध्ये खुर्ची टाकून बसण्यास सक्त मनाई आहे.' अख्ख्या सोसायटीत खुर्ची टाकून बसणारा माणूस एकच. त्याचं नाव घातलं नव्हतं एवढाच काय तो मोठेपणा.

बाबा खुर्ची घेऊन वर आले. सुरुवातीला त्यांनी माझं स्वयंपाकघर राखायला घेतलं. दुधावर झाकण आहे का, गॅस बारीक आहे का, फ्रिजचं दार नीट लागलं का. मी चपाती लाटायला लागले की मागे उभे राहून म्हणायचे, "डावीकडे जाड ऱ्हवली." एका रविवारी मी लाटणं आपटलं. "बाबा, आता चपातीलापण खरचटणार आहे का?" ते बाहेर जाऊन पलंगाच्या कडेला बसले.

आणि मग बसलेच. पुन्हा ती भिंत. पुन्हा समोर ठेवलेल्या चहावर निवून साय धरायची. एकदा दुपारी ऑफिसमधून फोन केला तर म्हणाले, "तू आज घरी नाय? आज रविवार ना?" मंगळवार होता. सासूबाईंच्या नंतरचे ते महिने मी पाहिले होते, आणि त्यातून ते दुसऱ्यांदा बाहेर येतील याची मला मुळीच खात्री नव्हती. हा माणूस माझ्याशी भांडणारा, माझ्या वाट्या पळवणारा, मला हवा होता. तो माझ्या डोळ्यांसमोर विझत होता आणि मी त्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

नवरा सेक्रेटरीकडे जाऊन हात हलवत आला. मग मी गेले.

"एक खुर्ची, कोपऱ्यात," मी म्हटलं. "कोणाच्या मध्ये येणार नाहीत ते."

"वहिनी, आज एक खुर्ची, उद्या सगळे खुर्च्या आणतील. मग पत्ते आणतील. आणि कशाला हवाय माणूस? कॅमेरे आहेत. माशी बसली तरी दिसते."

"पण बसू दिलं तर बिघडतं काय?"

"शेड झाल्यापासून एकातरी गाडीला खरचटलंय का दाखवा. खरचटलं, तर बसू देत त्यांना. माझा शब्द."

रात्री जेवताना मी सेक्रेटरींचा शब्द बाबांना जसाच्या तसा सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले ती मागच्या बाजूने शेडमध्ये गेले. पर्समधून गाडीची चावी काढली. मागच्या डाव्या दारापाशी उभी राहिले. माझीच गाडी, माझेच पैसे, तरी देवळातली घंटा चोरायला आल्यासारखी मी इकडेतिकडे बघत होते. मग डोळे मिटून चावी ओढली, हँडलपासून चाकापर्यंत. भातात खडा लागावा तसा आवाज आला. डोळे उघडून बघितलं तर ओरखडा चांगला ठसठशीत उठला होता. बाबांना चष्म्याशिवायही दिसला असता. मी मेट्रो पकडली आणि अख्खा दिवस ऑफिसमध्ये एकही काम धड केलं नाही.

कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर ते आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या सोसायटीत बसवलेली वस्तू चालते, हे मला माहीत नव्हतं. लिफ्टचा पंखा चालत नाही, इंटरकॉम चालत नाही, गेटवरचा दिवा दिवाळीला तेवढा लागतो. तेव्हा कॅमेरेही शोभेचेच, असा मी सोयीस्कर समज करून घेतला होता.

संध्याकाळी घरी येताच मी ओरडले, "बाबा! खाली चला, गाडीला कोणीतरी ओरखडा काढलाय!"

ते उठले. शर्ट घातला, वरपर्यंत बटणं लावली, माझ्या आधी जिना उतरले. दारापाशी गुडघे टेकून बसले आणि ओरखड्यावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले.

"चावी," ते म्हणाले. "मुद्दाम केलेला हा. चल, कॅमेरो बघूया."

"जाऊ दे ना बाबा. मांजर असेल."

"मांजराकडे चावी खंयची?"

मी त्यांच्या मागून धावले. सेक्रेटरी ऑफिसातच होते, आणि त्यांना तर हेच हवं होतं. मोठ्या उत्साहाने त्यांनी सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. चित्र इतकं स्वच्छ की माझ्या ओढणीवरची नक्षीसुद्धा ओळखू यावी. स्क्रीनवर मी आले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, वर काही बघितलं नाही. दातांत जीभ धरून चावी ओढली. मग पर्सची चेन लावली आणि सभ्यपणे निघून गेले.

सेक्रेटरींनी चित्र थांबवलं. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"आजोबा," ते म्हणाले, "ही तर तुमची सून!"

बाबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत लावून म्हणाले, "परत दाखवा."

त्यांनी परत दाखवलं. बाबा पुढे वाकून शेवटपर्यंत बघत होते. स्क्रीनवरची मी वळून गेले तरी ते थोडा वेळ त्या रिकाम्या शेडकडे बघत राहिले. मग सावकाश सरळ झाले.

"माझी सून तेव्हा हापिसात होती," ते म्हणाले. "ह्या कोण ता काय कळणा नाय. तुमचो कॅमेरो काय कामाचो नाय. थंय माणूसच बसूक व्हयो."

"अहो, पण स्पष्ट दिसतंय..."

"खरचटला तर बसूक देतंय म्हणालात. खरचटला. उद्यापासून मी बसतंय."

बाबा दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"आणि ती चावी हय दी."