गर्ट्रूडच्या विलायती कोंबड्या

गुरुवार, १२ जानेवारी १९३९. वारा उत्तरेचा, थंडी बरी. रुडॉल्फ होडीवर. व्हिक्टर वांद्र्याहून आला. आईने केक परत पाठवला. मायने तीन तुकडे खाल्ले. दुपारी चादरी धुतल्या.

गर्ट्रूडच्या वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी तिला शिकवलं होतं, की घडलेलं डायरीत लिहावं आणि मनातलं पाद्रीला सांगावं. त्यामुळे बाकीची हकीकत वेगळी सांगावी लागते.

गर्ट्रूडने माहेरी धाडलेला आणि परत आलेला हा केक तिच्याच कोंबड्यांच्या अंड्यांचा होता. साध्या कोंबड्या नव्हेत, लेगहॉर्न. पांढऱ्याशुभ्र, लाल तुऱ्याच्या, मडमेसारख्या पावलं मोजत चालणाऱ्या. शेतीखात्याचे पेठे साहेब पावसाळा संपल्यावर त्यांना टोपल्यांतून उत्तनला घेऊन आले होते. गावोगाव फिरून पीक वाढवायचं, हे साहेबांचं काम. गोडदेवच्या शेतकऱ्यांना त्यांनी कर्जतचं सुधारलेलं भाताचं बियाणं दिलं आणि उत्तनला या कोंबड्या. अट एकच. फेब्रुवारीत ठाण्याला प्रदर्शन भरणार, तिथे अंड्यांची परीक्षा होणार. अंडी परीक्षेत उतरली, तर कोंबड्या कायमच्या गर्ट्रूडच्या, शिवाय आसपासच्या गावांना पिल्लं पुरवायचं कामही तिचंच. नाही उतरली, तर टोपल्या परत.

गर्ट्रूडला हे काम हवंच होतं. ती वांद्र्याची, इंग्रजी फाडफाड बोलणारी, पियानो वाजवणारी. लग्न होऊन उत्तनला आली, तेव्हा कळलं की इथे यातलं काहीच कामाला येत नाही. नवरा रुडॉल्फ समुद्रावर, सासू नातालमाय मासळीच्या टोपल्यांमागे, आणि सुनेला तर बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीवर दोन बोंबील धड अडकवता येईनात. घरात तिला कोणी वाईट वागवलं नाही, पण पाहुण्यांना जसं बसा म्हणतात तसं तिला सगळे बस म्हणत. कोंबड्या आल्या, तशी माणसं 'गर्टूबायचं घर कुठलं' असं विचारत येऊ लागली.

तर व्हिक्टर, तिचा धाकटा भाऊ, केकचा डबा हातभर लांब धरून दारात उभा राहिला. आईने शेजारणींना चहाला बोलावलं होतं. पहिला घास घेतल्यावर त्यातल्या एकीने म्हणे फार अदबीने विचारलं, केकमध्ये सुकट घालायची पद्धत कुठली.

"गर्टी, तुझ्या अंड्यांना बोंबलाचा वास येतोय," व्हिक्टर म्हणाला.

नातालमायने एक तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा. "कसला वास? काय पण न्हाय. तुमची वांद्रेवाल्यांची नाकंच नाजूक." तिसरा उचलताना तिने भर घातली, "झकास झालाय. मीठ तेवढं कमी हाय."

गर्ट्रूडनेही खाल्ला. तिला व्हॅनिला लागला, लोणी लागलं. हसत हसतच तिने एक कच्चं अंडं फोडून नाकाशी धरलं. काही नाही. पुन्हा हुंगलं, तरी काही नाही. तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मासळीचा वास नको म्हणून हीच गर्ट्रूड उशाशी कोलन वॉटरचा रुमाल घेऊन झोपत असे, आणि आज तिच्या नाकाला बोंबील कळेना. ठाण्याचा परीक्षक तर काही उत्तनचा असणार नव्हता.

घोटाळा कुठे झाला ते कळायला वेळ लागला नाही. खाद्यात थोडी मासळी घाला, अंडी वाढतील, असं साहेबांनी सांगितलं होतं. साहेबांचं थोडं म्हणजे चिमूट आणि उत्तनचं थोडं म्हणजे पाटी. त्यातून दारी आलेल्याला मासळी नाही म्हणायचं नाही, हा नातालमायच्या घरचा रिवाज, आणि या तर सरकारी पाहुण्या. सुकटीचा भुगा झाला, बोंबलांची मुंडकी झाली, राहिलेलं कोंबड्या स्वतः वलांडीखाली जाऊन टिपत. अंडी मोठी झाली, बलक केशरी झाला. साहेबांनी वजनं केली, कवचं तपासली आणि खूश होऊन गेले. चव काही त्यांनी घेतली नाही. त्यांच्याकडे अंडं चालत नव्हतं.

पुढच्या फेरीला गर्ट्रूडने फोडलेलं अंडं बशीत घालून त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी वाकून वास घेतला. प्रामाणिक माणूस. बाई, म्हणाले, गावाच्या वेशीपासूनच मला सगळ्याला एकच वास येतो, त्यात या अंड्याचा वाटा किती ते कसं सांगू? मासळी मात्र बंद करा.

मायने भुगा थांबवला. पण कोंबड्यांना कोण सांगणार? दार उघडलं की त्या सरळ वलांडीकडे. कोंडून ठेवल्या, तर उपाशी आहेत बिचाऱ्या म्हणून शेजारणी फटीतून मुंडकी सारत. अख्खं गावच मायाळू.

शेवटी गर्ट्रूडने कोंबड्या बैलगाडीत घातल्या आणि गोडदेवला इंदुबाईकडे नेल्या. सुकी मासळी द्यायची आणि भात घ्यायचा, असा या दोन घरांचा जुना व्यवहार होता. इंदुबाईच्या खळ्यावर त्या साली नव्या बियाण्याचं भात मावत नव्हतं. कोंडा, कण्या हव्या तेवढ्या. आणि मुख्य म्हणजे इंदुबाईला नाक होतं.

गर्ट्रूड दर आठवड्याला जायची. इंदुबाई अंड्याचा पोळा करायची आणि निकाल द्यायची. पहिल्या खेपेला तिने विचारलं, बाय, हा पोळा हाय का बोंबील? दुसऱ्या खेपेला ती जरा चघळत राहिली, मग अजून नाही म्हणून मान हलवली. प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा तिने अख्खा पोळा संपवला आणि ताटली पुसली. गर्ट्रूड तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? अंडं हाय, अंड्यासारखं लागतंय."

ठाण्याला परीक्षक एक स्थूल पारशी गृहस्थ होते. त्यांनी अंडं फोडलं, हुंगलं, थांबले, पुन्हा हुंगलं. गर्ट्रूडने पर्समधली जपमाळ मुठीत आवळली. मग त्यांनी टेबलावर पहिल्या नंबरचा बिल्ला ठेवला आणि रुमालाला हात पुसत पुढच्या टेबलाकडे वळले.

पेठे साहेब आनंदाने हातात कागद घेऊन आले. पिल्लं पुरवायचं केंद्र उत्तनलाच लिहायचं ना, असं त्यांनी विचारलं.

घरावर केंद्राची पाटी लागेल, हे तिने येताना वाटभर मनात रंगवलं होतं. पण कोंबड्या घरी आणल्या, की ईस्टरच्या आत वास परत येणार, आणि तो आलेला तिला कळणारही नाही.

"गोडदेव लिहा," ती म्हणाली. "आणि नावं दोन लिहा. इंदुबाईचं पण."

घरी नातालमाय वाट पाहत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कोंबड्या गेल्या?"

"गेल्या नाहीत, माय. दर सोमवारी मी जाणार तिकडे. काम आहे माझं."

मायला 'काम' हा शब्द पटला. "मग रिकाम्या हाताने नको जाऊस. इंदूला सुकट ने," ती म्हणाली. "त्या कोंबड्यांना तेवढी दाखवू नको."

त्या संध्याकाळी गर्ट्रूडने बिल्ल्याबद्दल एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दुसरी: रिकाम्या खुराड्यात जळणाला नारळाची सोडणं रचून ठेवली.