उधाणाची रेघ

ट्रेसिंगच्या कापडाला एक वास असे. खळीचा, किंचित मेणाचा आणि त्याखाली कुठेतरी उन्हात वाळलेल्या धोतराचा. ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ आमचे नकाशाघर होते. सकाळी त्याचे दार उघडले की तो वास अंगावर येई. निळसर झाक असलेले ते पारदर्शक कापड मी मेजावर ताणून बसवी, शाई धरावी म्हणून त्यावर खडूची पूड हलक्या हाताने फिरवी, आणि मग खाली ठेवलेल्या पेन्सिलीच्या नकाशातली रेघ न् रेघ शाईने वर उतरवून घेई. माझे काम एवढेच. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असत. काढणाऱ्याची, उतरवणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. मधली चौकट माझी होती. तिच्यात नावाची दोन आद्याक्षरे घातली की नकाशा पुरा झाला असे समजत.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. टेलिफोनच्या तारांचे मार्ग आखणाऱ्या त्या कार्यालयात मी एकटीच बाई होते, आणि तीही हंगामी. घाम आलेला तळवा कापडाला लागला की तिथे शाई फुटते, म्हणून उन्हाळ्यात मी मनगटाखाली टीपकागद धरून बसे. पुरुषांचे तळवे घामेजत नसावेत. कारण माझ्या आधीच्या ट्रेसरांची फुटलेली शाई कपाटात जपून ठेवलेली होती आणि तिच्याबद्दल कोणी काही बोलत नसे.

त्या वर्षी ठाण्याहून कल्याणपर्यंत तारांचा नवा मार्ग आखायचा होता. जुन्या तारा रुळांच्या कडेने जात आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे त्यांच्यात एक गुणगुण उतरलेली असे. मी एकदा रिसीव्हर कानाला लावून ती ऐकली होती. पलीकडचा माणूस साधा भाव विचारत होता. पण त्याच्या शब्दांमागे मोहोळ उठल्यासारखे वाटत होते. डोंबिवलीत चाळी उभ्या राहत होत्या, कल्याणपलीकडे विठ्ठलवाडीच्या अंगाला निर्वासितांची वस्ती वाढत होती. बोलणारे वाढणार होते आणि ती गुणगुण घेऊन वाढणार होते. तेव्हा आमच्या साहेबांनी, म्हणजे मार्गाची आखणी करणाऱ्या इंजिनिअरांनी, ठरवले की दिव्यापासून डोंबिवलीपर्यंत नव्या तारा रुळांपासून लांब, खाडीच्या अंगाने न्यायच्या. पेन्सिलीच्या नकाशात तिथे एक लांब उंचवटा दाखवला होता आणि त्याच्या कडेने खांबांची बारीक वर्तुळे एकामागून एक चालली होती. पाहायला ते फार सुंदर होते. मण्यांची माळ कोणी ओढून सरळ धरावी तसे.

माझे वडील डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवीत. अक्षर-ओळख व्हायच्या आधीच त्यांनी माझ्याकडून वृत्ते म्हणून घेतली होती. पाठ म्हणताना दुसऱ्याच्या कवितेत एक मात्राही आपल्या पदरची घालायची नाही, हा त्यांचा नियम; आणि एखादी मात्रा गळली असेल तर ती अर्थाच्या आधी कानाला कळते, हा त्यांचा अनुभव. त्यातला पहिला नियम मला नकाशाघरात रोज उपयोगी पडला. गळलेली मात्रा ओळखायची वेळ त्या फाल्गुनात आली.

आमच्या घरी एक बाई मीठ घालायला येत असे. कोपरच्या बाजूच्या, खाडीकाठच्या खारीत तिच्या माणसांची भातशेती होती, पलीकडे मिठागर. वयाने माझ्या आईहून मोठी. पाठ ताठ, पावलांना कायमच्या पांढऱ्या भेगा. त्या दिवशी मिठाचे माप ओतता ओतता तिने विचारले की बांधाच्या कडेला लाल टोकांच्या खुंट्या कुणी ठोकल्या. मी अभिमानाने सांगितले की आमच्या कार्यालयाने; तिथे खांब उभे राहणार. तिचे माप हातातच राहिले. खांब बांधावर का बांधाखाली, एवढेच तिने पुन्हा विचारले. बांधाच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाला, मी म्हणाले. तेव्हा ती म्हणाली की अवसेला रविवार आहे, तुला सुट्टी आहे, दुपारी माझ्याबरोबर चल आणि डोळ्यांनी बघ.

मी गेले. आईने जाऊ नको म्हटले, म्हणून जरा लवकरच निघाले.

खाडीची दुपार मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. आधी वास आला: चिखलाचा, कुजलेल्या पानांचा आणि आत लोखंड चाटल्यासारखा काही. मग आवाज, चिखलाच्या लाखो भोकांतून हवा सुटण्याचा, कढईत काही मंद तळावे तसा. निवट्या, चिखलातले बोटभर मासे, उड्या मारत मागे सरकत होत्या आणि त्यांच्या मागून पाणी येत होते. त्याला लाट नव्हती, घाई नव्हती. ते नुसते पसरत होते. नकाशातला तो उंचवटा म्हणजे माणसांनी पाटीपाटीने माती टाकून घातलेला बांध होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भाताची रिकामी खाचरे, मध्ये पाणी सोडायची लाकडी झडप, जिला ते उघाडी म्हणतात. आम्ही बांधावर उभ्या होतो. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आमच्या कार्यालयाची एक खुंटी दिसेनाशी झाली, मग दुसरी. तिसरीचे लाल टोक थोडा वेळ पाण्यावर कुंकवाच्या टिकलीएवढे दिसले आणि तेही गेले.

मी विचारले की आमची माणसे तर तीन वेळा येऊन मोजणी करून गेली, त्यांना हे दिसले कसे नाही.

ती हसली. "इचारून आलती ना. पायी कवा येता येल, ते इचारलं. आमी बोललो, आठमीला या. पानी कवा येतं, ते कुनी इचारलं नाय."

अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, थकलेली, आणि भर दुपारी ओहोटी. आमची माणसे शहाणपणाने चालण्याजोगे दिवस निवडून आली होती आणि त्यामुळेच त्यांनी तिन्ही वेळा कोरडी जमीन मोजली होती.

परत फिरताना तिने पायाच्या अंगठ्याने बांधातले एक लहानसे भोक दाखवले आणि त्यावर ओली माती दाबून बसवली. "चिंबोरीनं येवरंसं बील केलं तं आमी झोपत नाय. तुमी तं मानूसभर खड्डा खनाल. तुमचा खांब गेला तं जाव, बाय. बांद गेला तं आमी खावाचं काय?"

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. जुने पंचांग बाजूला काढून वडिलांनी नवे पूजेला ठेवले. जुने मी मागून घेतले.

मंगळवारी मी नकाशा पुरा केला. खांबांची वर्तुळे होती तिथेच काढली. त्यांत ढवळाढवळ करायचा मला अधिकार नव्हता आणि तसे केले तर पुढचे कोणी ऐकणारही नाही, हे मला कळत होते. पण सगळे झाल्यावर सर्वांत बारीक टोकाची लेखणी घेतली आणि बांधाच्या खाडीकडच्या उतारावरून, सगळी वर्तुळे पाण्याच्या बाजूला टाकीत, एक तुटक रेघ ओढली. तिच्यालगत लहान अक्षरांत लिहिले: उधाणाचे पाणी. तळवा कोरडा होता.

आमचे हेडड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी नकाशा उजेडाकडे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग विचारले की ही रेघ पेन्सिलीच्या नकाशात कुठे आहे. मी म्हटले, नकाशात नाही, जमिनीवर आहे. त्यांनी खणातून पाते काढले आणि माझ्यासमोर ती रेघ खरवडली. ते वाईट मनाचे नव्हते. खरवडतानासुद्धा कापड फाटू नये म्हणून नखाने आधार देत होते.

"बाई, तुमचं काम उतरवायचं. भर घालायचं नाही," ते म्हणाले. "सही करा. शनिवारी नकाशा मुंबईला जायचाय."

मी सही केली नाही. कापड पुन्हा ताणले, खरवडलेल्या जागी खडू चोळला आणि रेघ पुन्हा ओढली. आता ती जरा जाड आली, कारण खरवडलेले कापड शाई अधिक पिते.

माझी नोकरी कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात मास्तरांच्या मेजावर, काचेच्या वजनाखाली होता. जाता-येता मला तो दिसे. तो माझ्यासाठी काय होता हे सांगायला हवे. वडिलांना निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, मला स्थळे येत होती आणि प्रत्येक स्थळाची पहिली अट मी नोकरी सोडावी ही होती. कायम झाले तर नाही म्हणायला माझ्यापाशी कारण असणार होते. मास्तरांनी ते वजन उचलून कागद जरा माझ्या बाजूला सरकवला आणि पुन्हा वजन ठेवले. समजूतदार माणसाची धमकी अशीच असते. मी लेखणी धुतली, पुसली आणि पेटीत ठेवली. मधली चौकट रिकामी राहिली.

गुरुवारी साहेबांनी बोलावले. मास्तर शेजारी उभे होते. साहेबांचे बोलणे सौम्य होते आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. ही माहिती कोणत्या मोजणीदाराने दिली, असे त्यांनी विचारले.

"मीठ विकणाऱ्या बाईनं," मी म्हटले. "आणि मी स्वतः पाहिलं."

मास्तरांना हसू आवरेना. आता खांब कुठे रोवायचे हे मिठाच्या पाटीवरून ठरणार का, असे ते म्हणाले; उद्या तारा किती ताणायच्या ते दूधवाल्याला विचारू. साहेबही हसले. मी थांबले. हसणे संपायला लागतो तेवढा वेळ त्यांना दिला. मग त्यांच्याच मेजावरची मोजणीची वही उघडली आणि शेजारी वडिलांचे जुने पंचांग ठेवले. हळदीच्या बोटांचे डाग पडलेले ते पंचांग त्या स्वच्छ मेजावर कुणी पारोशाने सोवळ्यात शिरावे तसे दिसत होते. पहिल्या मोजणीच्या तारखेवर बोट ठेवले: वद्य अष्टमी. दुसरी: शुद्ध नवमी. तिसरी: पुन्हा वद्य अष्टमी.

"या तिन्ही दिवशी तिथे समुद्र नव्हता, साहेब," मी म्हणाले. "महिन्यातले बाकीचे दिवस कुणी मोजलेले नाहीत. माझी सही हवी असेल तर रेघेसकट घ्या. नाहीतर दुसऱ्या कुणाची घ्या; पण मग ज्याची असेल त्याला अवसेला तिथे उभं राहायला सांगा."

मास्तर म्हणाले की ही भाषा बरी नाही. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. त्यांनी वही आपल्याकडे ओढली, मग पंचांग. ते त्यांना वाचता येत होते, हे त्यांच्या बोटाच्या चालीवरून कळले.

"पुढचं उधाण केव्हा?"

"पौर्णिमेला. दुपारी एकच्या सुमारास."

नकाशा शनिवारी मुंबईला गेला नाही. पौर्णिमेला साहेब स्वतः गेले. बरोबर कोणाला नेले नाही, आल्यावर कोणाला काही सांगितले नाही. पण त्यांचे बूट दोन दिवस मागच्या सज्जात उन्हात पडून होते, आणि वाळल्यावर त्यांच्या कडांवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. मास्तर आणि मी दोघांनी ती पाहिली. दोघांनीही न पाहिल्यासारखे केले.

पंधरवड्याने पेन्सिलीचा नवा नकाशा माझ्या मेजावर आला. खांब बांधाच्या पायथ्यावरून उठून आत, खाचरांपलीकडच्या बैलगाडीच्या वाटेवर आले होते, रुळांपासून अजूनही पुरेसे दूर. माळ आता सरळ नव्हती. तिला दोन ठिकाणी बाक आला होता. आणि खाडीच्या बाजूला, साहेबांच्या स्वतःच्या हाताची, एक तुटक रेघ होती. त्यांचे अक्षर माझ्याहून वाईट होते. मी ते नियमाप्रमाणे जसेच्या तसे उतरवले.

मीठवाल्या बाईला मी सांगितले तेव्हा तिने आभार वगैरे मानले नाहीत. खुंट्या तिने केव्हाच उपटल्या होत्या. लाकूड चांगले वाळलेले होते, भात लवकर शिजला, असे ती म्हणाली.

नव्या नकाशाबरोबर मास्तरांनी आणखी एक कागद ठेवला होता. ट्रेसरने नकाशात अनधिकृत भर घातली, वरिष्ठांच्या सूचनेनंतरही पुन्हा घातली, सबब कायम करण्याचा विचार एक वर्ष पुढे ढकलण्यात येत आहे. वाचल्याची सही करावी. कागद बरोबर होता. त्यात खोटे एकही अक्षर नव्हते. मास्तर म्हणाले की खाली सोडलेल्या जागेत माफीच्या दोन ओळी लिहिल्यात तर साहेब हे मागे घेतील, त्यांनी तसे सुचवले आहे. ते मनापासून सांगत होते.

एक वर्ष म्हणजे आणखी किती स्थळे, याचा मी क्षणभर हिशेब केला आणि सोडून दिला. लेखणीत शाई भरली. आधी नकाशाच्या मधल्या चौकटीत आद्याक्षरे घातली. मग त्याच लेखणीने, तीच दोन अक्षरे, त्याच वळणाने त्या कागदाखाली घातली. माफीसाठी सोडलेली जागा कोरी ठेवली आणि टीपकागदाने दोन्ही सह्या टिपून मास्तरांच्या हातात दिल्या.