बारा ठोक्यांची पट्टी

आधीच सांगून टाकतो, चूक माझी. उगाच पुढे कुणी म्हणायला नको की दुकानदार सारवासारव करतोय.

कॉलेजसमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. समोर डिझाइन शिकवतात, त्यामुळे सगळं गिऱ्हाईक कलाकार. कलाकार म्हणजे कोण, तर ज्याला अकराला द्यायचं काम साडेदहाला आठवतं तो! त्यातलीच ही पोरगी. सगळे तिला कतरण म्हणायचे, कारण ती माझ्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून कागदाचे कापलेले काठ गोळा करायची. पहिल्यांदा मी खेकसलोच, "काय गं, हे दुकान आहे का उकिरडा?" तर म्हणते कशी, "काका, दुकानात माझ्या कामाचं काहीच नाही. उकिरड्यात आहे." आता अशा पोरीवर रागवायचं तरी कसं? पुढे मीच रंगीत काठ एका पिशवीत तिच्यासाठी बाजूला ठेवायला लागलो.

दुकानातल्या स्टुलावर बसून तिचं कापणं-चिकटवणं चालायचं. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. वर्षभरापूर्वी हृदयाच्या आजाराने गेले. आई कपड्यांच्या दुकानात अल्टरचं काम करते. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला कतरणने विषय घेतला होता, घरातली श्रद्धा. दहा चित्रं. आईचे गुडघे शिवणाच्या खाकी कागदातून कापलेले, जोडलेले हात गोळ्यांच्या रिकाम्या चंदेरी पाकिटांचे, आणि वरून काळ्या शाईने काढलेले चेहरे. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या हातांकडे बघून मी एकदा गल्ला उघडा टाकून उभा राहिलो होतो.

दहाव्या चित्रात ती पट्टी होती. वडील गेले त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात त्यांच्या हृदयाची पट्टी, ईसीजी म्हणतात ती, काढली होती. वीतभर कागद, फिकट लाल चौकटी, त्यावर वरखाली जाणारी रेघ. बारा ठोके. संध्याकाळी माणूस गेला. फाइल हॉस्पिटलने ठेवून घेतली, ही पट्टी तेवढी आईच्या पर्समध्ये राहून गेली. तेव्हापासून आई रोज सकाळी पट्टी समोर ठेवायची, रेघेवरून बोट फिरवायची आणि देवाशी बोलायची. कतरण म्हणायची, "माझा देवावर विश्वास आहे का ते मला नाही माहीत काका. पण आईच्या त्या बोटावर आहे."

पण रेघ फिकी पडत चालली होती. म्हणून तर आईने पट्टी दिली. परीक्षा झाली की ते चित्र घरी लावायचं, वरून प्लॅस्टिक असेल तर बोटाने रेघ झिजणार नाही, असं मायलेकींचं ठरलं होतं. मी म्हटलं, "अगं, आधी एक कॉपी काढून ठेव." तर म्हणाली, "काढू की, घाई काय आहे?" ती विसरली. आणि मीही विसरलो, ज्याच्या हाताखाली दिवसभर झेरॉक्सचं मशीन असतं तो!

परीक्षेच्या सकाळी दुकानात ही झुंबड. कतरण चित्र ठेवून म्हणाली, "काका, कोल्ड लॅमिनेशन करा हं," आणि बाकीची नऊ लावायला समोर पळाली. इथे माझा शहाणपणा आडवा आला. कोल्ड म्हणजे नुसतं चिकटवायचं प्लॅस्टिक, दोन वर्षांत कडा सुटतात, आत धूळ जाते. हॉट केलं, म्हणजे तापवून चिकटवलं, की जन्माचं काम. मला वाटलं, पोरगी खर्चाला बघून कोल्ड सांगतेय. म्हटलं, आईला रोज हात ठेवायचाय ना, मग पक्कंच करून देऊ, माझ्याकडून.

तुम्हाला ठाऊक असेल, दुकानातल्या पावतीचा कागद तापला की काळा पडतो. तो छापलेलाच असतो उष्णतेने. माझ्या काउंटरवर माझ्याच हाताने लिहिलेली पाटी आहे, पावत्या हॉट लॅमिनेट करून मिळणार नाहीत. आणि हृदयाची पट्टीही तसल्याच कागदावर निघते. पावती बघितली की माझं डोकं चालतं हो. पण त्या पट्टीकडे बघितलं की मला माणूस दिसायचा, कागद दिसलाच नाही.

चित्र आत गेलं. पट्टी बाहेर आली ती तव्याच्या बुडासारखी. मशीन उलटं फिरवायचं बटण दाबलं, पण वीतभर कागदाला वेळ तो किती लागतो? रांगेतला एकजण म्हणाला, "काका, माझं कधी करताय?" त्याच्यावर असा ओरडलो की बिचारा निघूनच गेला.

कतरण आली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. प्लॅस्टिकवर नखाने खरवडत राहिली, जसं काही खाली रेघ शाबूत आहे. मग म्हणाली, "आईला काय सांगू?"

परीक्षेला नऊच चित्रं गेली. पास झाली, काठावर.

तिच्या फोनमध्ये चित्र अर्धवट असतानाचा एक तिरपा फोटो होता. पट्टीवर हाताची सावली, सात-आठ ठोके कसेबसे दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी गुळगुळीत कागदावर फिकट लाल चौकटी छापून दिल्या, आणि तिने बारीक टोकाच्या पेनाने रेघ काढली. सात ठोके फोटोवरून, पुढचे आठवून आठवून. चार कागद फाडले. पाचवा असा उतरला की मला फरकच कळेना. मी शाबासकीसुद्धा दिली, काय माझी अक्कल! आईला तिने सांगितलं, चित्र खराब झालं, पट्टी सोडवून आणली.

पाचव्या दिवशी आई दुकानात आली. मी ओळखलं नाही. तिने पर्समधून तो कागद काढून काउंटरवर ठेवला.

"भाऊ, खरी कुठे आहे?"

मी सतरा थापा मारू शकलो असतो. पण बोट त्या कागदावर होतं, शिवणाच्या सुईने भोकं पडलेलं. मी खालच्या कप्प्यातून, चित्रातून कापून ठेवलेली काळी पट्टी काढून दिली. तिने ती उजेडाकडे धरली, उलटीसुलटी केली, खूप वेळ.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणालो. "तिचा काही दोष नाही. तिला सांगा तुम्हाला कळलंय म्हणून. मोकळी तरी होईल पोर."

"कशी सांगू? किती जीव ओतून काढलीये तिने." आईने लेकीची पट्टी पुन्हा पुढे ओढली. "नवव्या ठोक्यानंतर ते अडखळले होते, भाऊ. माझं बोट तिथे रोज थांबायचं. मी देवाला म्हणायची, इथे जसं सांभाळलंस तसंच अजून एकदा का नाही सांभाळलंस? तेवढंच बोलणं होतं माझं त्याच्याशी. हिने तिथे त्यांना सरळ चालवलंय. बापाला अडखळताना काढवलं नसेल तिच्याने."

"मग आता सकाळी..."

"बसते ना. ती दारातून बघत असते." तिने दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून पर्समध्ये टाकल्या. "बोट फिरवते. बोलायला काहीच येत नाही आता. नुसते ओठ हलवते, तिला दिसावं म्हणून."