पट्ट्यावरचा आवाज

जीपमध्ये गौहरने तिसऱ्यांदा नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"सुनो ना, तो वस्तरा..."

"काय?" अय्यूब मोठ्याने म्हणाला.

गाडी चालवणाऱ्या लखनने आरशात पाहिलं. गौहर म्हणाली, "काही नाही. पिशवी नीट धरा म्हटलं."

बहिऱ्या माणसाला हळूच काही सांगता येत नाही. आणि अय्यूब बहिरा झालाय, हे गौहरशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दिग्रसच्या दुकानात मुलगा मुजफ्फर पाती बदलून दाढ्या करायचा. अय्यूबकडे उरली होती खेड्यातली, तांड्यांवरची म्हातारी गिऱ्हाइकं. वस्तऱ्याशिवाय केलेली दाढी त्यांना तोंड पुसल्यासारखी वाटे. वस्तरा, चामडी पट्टा, धारेचा दगड, तुरटी, वाटी एवढं पिशवीत भरून तो निघे. मागचा हॉर्न कळेनासा झाला तशी गौहर सोबत जाऊ लागली. विचारलं तर सांगे, बांगड्या विकायला येते. दोन डझन बांगड्या खरंच जवळ ठेवी.

आज सकाळी ब्लाउज सैल करायला तिला ब्लेड सापडलं नाही. तिने वस्तरा उघडला. उसवता उसवता पातं हुकावर आदळलं. ती अय्यूबला सांगणार, तोच लखन जीप घेऊन दारात. त्याच्या पुतणीचा, जयाचा, साखरपुडा होता आणि पाहुणे यायच्या आत त्याच्या बापाची, देवसिंगची, दाढी व्हायला हवी होती.

"चाचा, जरा सांभाळून बरं," लखन पुढूनच म्हणाला. "बाले रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू हायेत. मांगं काटा लागला, तं अर्धा दिवस रक्त थांबलं नाही."

अय्यूब हसून मान हलवत राहिला. त्याला अक्षरही ऐकू गेलं नव्हतं.

तांड्यावर मंडप घातला होता. देवसिंग ओट्यावर तयारच बसला होता. गौहर पुढे होणार, तर देवसिंगच्या बायकोने, सुखीबाईने, तिचा हात धरला. "गौहरभाबी, जयाले बांगड्या दाखव ना व."

"आली, आली," म्हणत ती तिथेच उभी राहिली. अय्यूबने फेस लावला. पट्टा खांबाला अडकवून त्यावर वस्तरा ओढला. तीस वर्षं घरात ऐकलेली ती सळसळ. मधेच खर्र. परत ओढला. परत खर्र.

अय्यूबचा चेहरा तसाच होता. तो देवसिंगच्या गळ्याकडे वाकला.

गौहरने त्याचं मनगट धरलं. "थांबा! म्या वापरला सकाळी. ब्लाउज उसवला. हुकाले लागला." या वेळी ती ओरडलीच. मंडपातली बोलणी थांबली.

अय्यूबने वस्तरा उजेडात तिरपा धरला. धारेला बारीक खाच होती. "वस्तऱ्याले हात लावला? अक्कल गहाण ठेवली काय तू?"

ती खाली बघत राहिली. फेसाने माखलेला देवसिंग मात्र अय्यूबकडे पाहत होता. "भाबीचं राहू दे. पण तुले पट्ट्यावर कसं समजलं नाही रे, अय्यूबभाई?"

अय्यूबने गौहरकडे पाहिलं. काय म्हणाला ते सांग, असं. रोज पाहायचा तसं.

ते सगळ्यांनी पाहिलं. लखन म्हणाला, "बा, दिग्रसले नेतो तुले. मुजफ्फरकडं."

"चूप बस," देवसिंग म्हणाला. मग गळ्यातल्या टॉवेलने त्याने फेस पुसून टाकला आणि बोटाने पिशवीकडे दाखवलं. "भाबी, दगड काढ म्हणा त्याले. पाहुणे आले तं चहा पाजा तवरिक."

अय्यूब खाली बसला. दगड भिजवला, पातं घासू लागला. गौहरकडे त्याने पाहिलं नाही. फक्त सतरंजीवर थोडा सरकला. ती शेजारी बसली.

घासून झाल्यावर त्याने वस्तरा पट्ट्यावर ओढला. खर्र. तिने मान हलवली, नाही. पुन्हा दगड. बाहेर गाडी थांबली, पाहुणे उतरू लागले. सुखीबाई दोनदा दारात येऊन गेली. पुन्हा पट्टा. अगदी बारीक खर्र. नाही. अय्यूबच्या कपाळावरचा घाम दगडावर पडला.

तिसऱ्यांदा आवाज सलग आला. खात्री म्हणून तिने आणखी दोनदा ओढायला लावला. मग होकार दिला.

देवसिंग एवढा वेळ तिचंच तोंड बघत होता. त्याने हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.