दीड हजार मीटर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — पण आता घशाशी आलंय.

जळगावजवळच्या एका लहान विमानतळावर मी टॉवरमध्ये होतो. उतरणाऱ्या विमानांशी रेडिओवर बोलायचं, हे माझं काम. धुकं असलं की पायलटला धावपट्टी दिसत नाही; तो यंत्रांच्या भरवशावर खाली येतो — आणि माझ्या. किती अंतरापर्यंत दिसतंय, ते मी सांगायचं. ठरलेल्यापेक्षा कमी असेल तर त्याने उतरायला यायचंच नाही.

तो आकडा मला नाना द्यायचे. नाना आमचे हवामान निरीक्षक, शिरपूरकडचे, निवृत्तीला आलेले. गच्चीवर उभं राहून ते ठरलेल्या खुणा बघत. पाण्याची टाकी दिसली, तर दीड हजार मीटर; त्याखाली आमच्याकडे उतरायला मनाई.

त्या सकाळी केळीच्या बागांवर धुकं बसलं होतं. रोज नऊपर्यंत उठतं, आजही उठेल — असं धरून मी नानांना न विचारताच पायलटला दीड हजार सांगून टाकलं. लगेच नानांचा फोन.

"भाऊ, टाकी दिखत नही. बठ्ठं धुकं शे."

सगळीकडे धुकंच. काय करायचं होतं मला? आकडा बदलायचा. एक वाक्य! पण रेडिओवरचं बोलणं टेप होतं. मी माझाच आकडा खोडतोय हे साहेब ऐकतील, याची मला लाज वाटली. लाज — आणि तिकडे विमानात माणसं होती! उतरायला लागण्याआधी पायलटने तो आकडा मला परत म्हणून दाखवला. चूक तिथल्या तिथे पकडता यावी, म्हणूनच तशी पद्धत आहे. मी म्हणालो, "बरोबर." इतक्या शांत आवाजात? आजही विश्वास बसत नाही, तो आवाज माझा होता.

विमान धावपट्टीच्या अगदी कडेला टेकलं आणि ओल्या गवतात घसरत गेलं. पायलटचा खांदा मोडला. बाकीचे वाचले — त्यात माझं श्रेय काहीच नाही.

पण मला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे.

चौकशीत मी म्हणालो, दीड हजार मला नानांनीच सांगितलं. आमचा आतला फोन टेप होत नव्हता. नानांच्या वहीत त्या वेळचं अंतर आठशे मीटर लिहिलेलं होतं. ते मागाहून लिहिलं असेल, हेही मीच सुचवलं — कुणी विचारलंही नव्हतं हो! नाना समोरच बसले होते. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ते साहेबांना हळूच म्हणाले, "मनीच चूक व्हयनी व्हई. भाऊ खोटं बोलाव नही."

स्वतःचीच चूक झाली असेल म्हणाले, मला खरं धरून. मी ते ऐकलं, आणि जबाबावर सही केली.

परवा धुळ्याच्या बसस्थानकावर नाना भेटले. त्यांनीच मला हाताला धरून चहा पाजला. मोटारसायकल विकली म्हणाले. डॉक्टर म्हणतो डोळे चांगले आहेत, पण धुक्यात झाकलेली टाकी ज्याला ‘दिसली’ त्याने गाडी कशाला चालवायची? तेवढ्यात बस लागली. पाटीवर मोठ्या अक्षरांत शिरपूर. नानांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, तू सांग — शिरपूरनीच शे ना?"

मी "हो" म्हणालो. तेवढंच म्हणालो. माझ्या शब्दावर ते बसमध्ये चढले.