मातीचा ढीग आणि ‘हे’

माझ्या मावशीची नोकरी उंदरांची. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर मोठ्या काचेच्या पेटीत अंगठ्याएवढे रानउंदीर ठेवलेत. त्यांना दाणे घालायचे, पाणी बदलायचं, घाण काढायची. हे उंदीर थंडीच्या आधी सगळे मिळून माती-गवताचा ढीग रचतात आणि त्याखाली एकत्र राहतात. ‘सगळे मिळून’ हे आपलं म्हणायला. मावशीच्या मते तिथेही राबणारे एक-दोन आणि बाकीचे आयतोबा.

तिने त्यांना घरातलीच नावं ठेवली होती. ढिगाखाली ताणून देणारा तो भावोजी, म्हणजे तिचा दीर. दाणे खाऊन पुन्हा कोपरा गाठणारा जाडजूड उंदीर म्हणजे तिचा नवरा. नवऱ्याचं नाव ती घेत नाही, म्हणून उंदराचंही घेत नसे. त्याला नुसतं ‘हे’. “आज हे सकाळपासून हललेच नाहीत,” असं ती आमच्याकडे येऊन म्हणाली, की काका आजारी आहेत की उंदीर, हे आधी विचारून घ्यावं लागे. आणि दिवसभर तोंडात काड्या धरून धावणारी, कानावर निळा ठिपका असलेली मादी? ती कोण, हे सांगायची गरजच नव्हती.

घरी मावशीचं अगदी तसंच. धुणं, बाजार, दोन्ही वेळचा स्वयंपाक, सगळं अंगावर घ्यायचं आणि मग भांडी आपटत ऐकवायचं, “मी आहे म्हणून हे घर उभं आहे.” आम्ही तिला पाठीमागे मुकादम म्हणायचो. मुकादम निदान स्वतः काम करत नाही.

मग संस्थेत उंदरांवर संशोधन करणाऱ्या बाईंनी निळ्या ठिपक्याच्या मादीला वेगळं काढलं. राबणारी गेली तर बाकीचे काय करतात, हे त्यांना बघायचं होतं. “काय करणार? ढीग बसेल खाली,” मावशीने छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्या सकाळी ती पेटीपाशी गेली, तर ‘हे’ तोंडात काडी धरून लगबगीने चालले होते. मागून भावोजी.

मावशीचं डोकं फिरलं. उंदरांवर राग काढून उपयोग नाही, म्हणून संध्याकाळी ती पिशवी भरून आमच्याकडे राहायला आली. “चार दिवस बहिणीकडे जाते म्हणून सांगितलंय. बघू कसं चालतं त्यांचं.” आपल्यावाचून घर अडतं की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. फोन वाजला की तीच आधी उठायची. तिच्या घरचा एकही नसे. “तूच कर की फोन,” असं आई म्हणाली तर अंगावर यायची. आमची कपाटं मात्र या काळात लखलखीत झाली.

शेवटी न राहवून ती परत निघाली. पिशवी उचलायला मी सोबत. दार उघडंच होतं. भांडी घासलेली, कपडे दोरीवर, काका डोळे पुसत कांदा चिरतायत, तिची धाकटी जाऊ गॅसपाशी. कुणी धावत आलं नाही. मावशीचा चेहरा असा पडला, की मला येणारं हसू तिथेच गेलं. सवयीने तिने झारा घ्यायला हात पुढे केला.

“बसा ताई,” जाऊ म्हणाली. “होतंय.”

मावशी बसली. तिचे डोळे भरले होते, आणि तिथे कांद्याचा काही संबंध नव्हता. “एवढं येत होतं तुम्हाला सगळ्यांना,” ती म्हणाली, “तर इतक्या वर्षांत एकदा तरी बस म्हणायचं होतंस.”

“म्हणत होते की, ताई. तुम्ही हातातलं ओढून घ्यायचात. मग मला वाटायला लागलं, आमच्या हातचं तुम्हाला चालत नाही.”

काकांनी हात धुऊन दोन कप चहा केला आणि आमच्यापुढे ठेवला. साखर भलतीच जास्त पडली होती. मावशीने कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला.